लंडनला विद्यापीठ इतकं उशिरा का आलं? (आणि ते मुंबईत कसं पोचलं)

शिळोप्याचा_ओटा

परवा दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी सहज लिहून गेलं की लंडन युनिव्हर्सिटी पण ऑक्सफर्डसारखीच सात-आठशे वर्षं जुनी असणार. तिथेच उत्तर दिलं असतं तर तो धागा भरकटला असता म्हणून हा वेगळा काढतोय. लांबलंय, चहा घेऊन बसा.

तर नाही, अजिबात नाही. प्रागला १३४८ मध्ये विद्यापीठ आलं, क्राकावला १३६४, व्हिएन्नाला १३६५, पॅरिस आणि बोलोन्या तर त्याच्याही आधी. अगदी उशिरा जागं झालेलं बर्लिनसुद्धा १८१० ला उरकून मोकळं झालं. आणि लंडन, जिथे १८०१ च्या खानेसुमारीत दहा लाखाच्या घरात माणसं होती, सगळ्या जगाचा व्यापार ज्या गोदीतून चालायचा, तिथे विद्यापीठ नाही! १८२६ उजाडावं लागलं.

कारण शिक्षणाची आवड नव्हती असं नाही. कारण ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या दोन मंडळींनी मिळून इंग्लंडभर जी मक्तेदारी धरून ठेवली होती ती. १३३० च्या दशकात ऑक्सफर्डमधले काही मास्तर आणि विद्यार्थी भांडून स्टॅमफर्ड नावाच्या गावी गेले आणि तिथे आपलं वेगळं चालू केलं. राजाकडे तक्रार गेली, राजाने ते बंद पाडलं. पण ऑक्सफर्डवाल्यांनी एवढा धसका घेतला की पुढे एमए होणाऱ्या प्रत्येकाला शपथ घ्यायला लावायचे, की मी स्टॅमफर्डला जाऊन शिकवणार नाही. ही शपथ कधी काढली तर १८२७ साली. म्हणजे पेशवाई बुडून नऊ वर्षं झाली होती आणि ऑक्सफर्डात अजून पाचशे वर्षांपूर्वीच्या भांडणाची शपथ चालू होती. डूख धरावा तर असा.

दुसरी भानगड धर्माची. ऑक्सफर्डला नाव घालतानाच चर्च ऑफ इंग्लंडच्या ३९ कलमांवर सही करावी लागे. केंब्रिजला नाव घालून घ्यायचे पण पदवी घेताना अडवायचे. म्हणजे कॅथलिक, ज्यू, क्वेकर, बॅप्टिस्ट, कसलाच धर्म न मानणारे, सगळे बाहेर. आणि लंडनातला व्यापार, बँका, दवाखाने यांतली बरीच हुशार मंडळी नेमकी यांच्यातलीच. पोरगा कितीही हुशार असू दे, पदवी पाहिजे तर स्कॉटलंडला धाड नाहीतर हॉलंडला.

मग १८२५ मध्ये टॉमस कँपबेल नावाच्या कवीने टाइम्स पेपरात हेन्री ब्रूमला उद्देशून जाहीर पत्र लिहिलं की लंडनला स्वतःचं विद्यापीठ पाहिजे. ब्रूम म्हणजे वकील, राजकारणी, बोलायला खमक्या. आयझॅक लायन गोल्डस्मिड हा ज्यू सावकार जागेसाठी पुढे झाला. गंमत बघा, राजाची सनद मिळणार नाही हे माहीत असल्यामुळे यांनी सरळ कंपनी काढली, शंभर-शंभर पौंडाचे शेअर विकले! ११ फेब्रुवारी १८२६. नाव ठेवलं लंडन युनिव्हर्सिटी. गावर स्ट्रीटवर जागा, विल्यम विल्किन्सने काढलेली खांब-घुमटाची इमारत, १८२८ च्या ऑक्टोबरात वर्ग चालू. धर्माची अट नाही, आणि धर्मशास्त्र हा विषयच नाही. इंग्रजीचा प्राध्यापक नेमणारी इंग्लंडमधली ही पहिली जागा, आणि हेही ध्यानात घ्या की तोवर ऑक्सफर्ड-केंब्रिजला इंग्रजी हा शिकवायचा विषय आहे असं कोणाला वाटतच नव्हतं, लॅटिन-ग्रीक म्हणजे शिक्षण.

झालं, बोंबाबोंब. देवाला न मानणारी शाळा म्हणून नावं ठेवली गेली. मग चर्चवाल्यांनी ठरवलं की आपलंही काढायचं. पंतप्रधान ड्यूक ऑफ वेलिंग्टन (हो तोच, असईच्या लढाईतला आर्थर वेलस्ली, आपल्या शिंदे-भोसल्यांशी लढलेला) सभेचा अध्यक्ष, चौथ्या जॉर्ज राजाची सनद, नावच किंग्ज कॉलेज. १८२९ ची सनद, १८३१ ला स्ट्रँडवर सॉमरसेट हाऊसच्या शेजारी वर्ग चालू.

आता लंडनात दोन कॉलेजं, दोघांची तोंडं दोन दिशांना, आणि पदवी द्यायचा अधिकार कोणालाच नाही. सरकारने यातून जी पळवाट काढली ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. २८ नोव्हेंबर १८३६ ला सरकारने एक तिसरीच संस्था काढली, युनिव्हर्सिटी ऑफ लंडन, जी शिकवणार काहीच नाही, फक्त परीक्षा घेणार आणि पदवी देणार. त्याच दिवशी गावर स्ट्रीटवाल्यांना सांगितलं की तुम्ही आजपासून युनिव्हर्सिटी कॉलेज, विद्यापीठ हे नाव सोडा. दोन्ही कॉलेजांची पोरं या तिसऱ्याकडे परीक्षेला. कोणाचं नाक वर नाही, कोणाचं खाली नाही.

म्हणजे विद्यापीठ = परीक्षा मंडळ ही कल्पना कोणा शिक्षणतज्ज्ञाच्या डोक्यातून आलेली नाही, ती दोन भांडखोर कॉलेजांमधली तडजोड आहे. आणि १८५४ मध्ये चार्ल्स वुडने हिंदुस्थानातल्या शिक्षणाचा खलिता पाठवला त्यात नमुना म्हणून हेच धरलं. १८५७ ला कलकत्ता, मुंबई, मद्रास. मुंबईचा कायदा १८ जुलैचा, उत्तरेत बंड पेटलेलं असताना. मुंबई विद्यापीठ सुरुवातीला शिकवत नव्हतं. एल्फिन्स्टन कॉलेज आधीपासून होतंच, तिथे शिकायचं आणि परीक्षा टाउन हॉलमध्ये द्यायची. आपण जे म्हणतो ना, कॉलेज एकीकडे, पेपर काढणारा दुसरीकडे, तपासणारा तिसरीकडे, आणि मार्कशीट देणारा कोणी भलताच, त्याचं मूळ गावर स्ट्रीट विरुद्ध स्ट्रँड या भांडणात आहे.

लंडनने १८९८ च्या कायद्याने हे मोडलं, १९०० पासून तिथलं विद्यापीठ शिकवायला लागलं. आपण मात्र अॅफिलिएशन, अॅफिलिएशन करत बसलो.

लंडनला शिकलेली मंडळी इथे आहेत, त्यांनी भर घाला.

ट्यूबमधला_नाना

मस्त धागा! वेलिंग्टनबद्दल सगळ्यात मसालेदार भाग गाळलात की राव. किंग्ज कॉलेजवरून त्याने पंतप्रधान असताना पिस्तुलाचं द्वंद्व खेळलंय! झालं असं की त्याच वेळी तो कॅथलिकांना पार्लमेंटात बसू द्यायचा कायदा आणत होता. किंग्ज कॉलेजला देणगी कबूल केलेला अर्ल ऑफ विंचिल्सी म्हणून एक कट्टर गृहस्थ, त्याने छापून आणलं की या कॉलेजच्या आडून ड्यूक पोपचं राज्य आणतोय. ड्यूकने माफी मागायला सांगितली, हा ऐकेना. २१ मार्च १८२९, सकाळी बॅटरसीच्या मैदानात दोघं उभे. ड्यूकची गोळी बाजूने गेली (मुद्दाम का नेम चुकला यावर अजून वाद), विंचिल्सीने हवेत बार काढला आणि मग लेखी माफी. किंग्जमध्ये अजून मार्चमध्ये ड्यूएल डे साजरा करतात.

आपल्याकडे शिक्षणसम्राट कोर्टात जातात, मैदानात नाही, एवढाच फरक.

मोरपीस

वा ओटेकाका, आवडला लेख. पण लंडनात १८२६ आधी काहीच नव्हतं असा जो सूर लागलाय तो मला थोडा एकांगी वाटतो. विद्यापीठ नव्हतं, उच्च शिक्षण होतं की. इन्स ऑफ कोर्ट घ्या, ग्रेज इन, लिंकन्स इन, इनर टेंपल, मिडल टेंपल, वकील तिथेच तयार व्हायचे, आणि १६१५ साली जॉर्ज बक नावाच्या माणसाने लंडनला इंग्लंडचं तिसरं विद्यापीठ म्हणून लिहूनही ठेवलंय. दवाखाने घ्या. सेंट बार्थोलोम्यू ११२३ पासून आहे. लंडन हॉस्पिटलचं मेडिकल कॉलेज १७८५ चं.

आणि ग्रेशम कॉलेज कसं विसरलात? टॉमस ग्रेशम, शेअर बाजाराचा पूर्वज म्हणता येईल असं रॉयल एक्स्चेंज बांधणारा व्यापारी, त्याने मृत्युपत्रात तरतूद केली आणि १५९७ पासून सात प्राध्यापक लंडनकरांना फुकट व्याख्यानं द्यायला लागले. खगोल, भूमिती, वैद्यक, संगीत, कायदा, वक्तृत्व, धर्म. परीक्षा नाही, पदवी नाही, या आणि ऐका. २८ नोव्हेंबर १६६० ला तिथे क्रिस्टोफर रेनचं व्याख्यान झालं आणि त्यानंतर मंडळी बसली आणि त्यातून रॉयल सोसायटी निघाली. तुमची १८३६ ची तारीखही २८ नोव्हेंबरच! लंडनच्या ज्ञानाला ही तारीख मानवते बहुतेक.

शिळोप्याचा_ओटा

@मोरपीस, ताई मुद्दा मान्य पण माझं म्हणणं तेच आहे. शिक्षण होतं, शिक्का नव्हता. वकिलांचा शिक्का वकिलांकडे, डॉक्टरांचा डॉक्टरांकडे. सर्वसाधारण बीए व्हायचं तर गाव सोडायला लागायचं.

@नाना, द्वंद्वाचं मुद्दाम ठेवलं होतं, म्हटलं कोणीतरी आणेलच :)

खडूस_मास्तर

मी एका महाविद्यालयात अठरापगड कामं करतो त्यातलं एक पेपर तपासणं, म्हणून हा धागा अंगाला लागला.

फक्त परीक्षा घेणारं विद्यापीठ म्हणून एवढं नाक मुरडायचं कारण नाही असं माझं मत. १८५८ ला लंडनने नवीन सनद घेतली आणि वैद्यकी सोडून बाकी परीक्षा कोणालाही खुल्या केल्या. कॉलेजात गेलाच पाहिजे असं नाही. घरी शिक, रात्रशाळेत शीक, नोकरी करून शीक, पेपर दे, पास झालास तर पदवी घे. हे त्या काळात कोण देत होतं? १८६५ ला तर मॉरिशसला परीक्षा घेतली, पेपर बोटीने गेले. एच. जी. वेल्स १८९० ला बीएस्सी झाला तो असाच बाहेरून. पुढे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत असलेले इंग्रज सैनिक छावणीत बसून लंडनच्या परीक्षा द्यायचे. मंडेलांनी तुरुंगातून कायद्याचा अभ्यास केला तो लंडनच्याच बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठीच्या कोर्सचा.

नॉटिंगहॅम, साउदम्प्टन, लेस्टर, एक्झिटर, हल ही आज जी मोठाली विद्यापीठं आहेत त्यांची पोरं स्वतःची सनद मिळेपर्यंत लंडनच्याच पदव्या घेत होती. आफ्रिकेत इबादान, मकेरेरे, तिकडे वेस्ट इंडीज, यांचीही सुरुवात लंडनच्या पदवीवर. तडजोडीतून निघालं असेल, पण गरिबाला दार उघडलं ते याच तडजोडीने. शिकवण्यावर हक्क सांगणाऱ्यांनी ते कधी उघडलं नसतं.

गावरान_बॅरिस्टर

मास्तरांशी सहमत. आणि गांधीजींचं राहिलं! बॅरिस्टरी तर इन्स ऑफ कोर्टात ठरलेल्या जेवणावळी उठवून मिळायची म्हणून त्यांनी जोडीला लंडनची मॅट्रिक द्यायचं ठरवलं. पहिल्यांदा लॅटिनमध्ये उडाले, परत बसले, १८९० ला पास. म्हणजे लंडन मॅट्रिकचा दगा भल्याभल्यांना बसलाय.

मृगजळ

सगळे पुरुष पुरुष चाललंय म्हणून आले. युनिव्हर्सिटी ऑफ लंडनने १८७८ ला बायकांना पदवी परीक्षा खुल्या केल्या, ब्रिटनमध्ये पहिल्यांदा. १८८० ला चौघीजणी बीए झाल्या. ऑक्सफर्डने बायकांना पदवी दिली १९२० ला आणि केंब्रिजने, बसा खाली, १९४८ ला. तोवर वर्गात बसायचं, पेपर द्यायचा, पास व्हायचं, पण पदवी नाही. इथे परत खडूस मास्तरांचा मुद्दा येतो. जो फक्त पेपर तपासतो त्याला पेपर बाईचा का बाप्याचा याने काय फरक पडतो? तरी लंडनलासुद्धा हे सुचायला चाळीस वर्षं लागलीच.

त्याच्याही आधी १८४९ ला एलिझाबेथ जेसर रीड या बाईंनी स्वतःच्या पैशाने बेडफर्ड कॉलेज काढलं, खास बायकांसाठी. आणि एगमला रॉयल हॉलोवे, ज्याची इमारत फ्रान्समधल्या शांबोरच्या राजवाड्यावरून घेतली, तो सगळा पैसा टॉमस हॉलोवे नावाच्या माणसाने गोळ्या आणि मलमं विकून कमावलेला. सर्व रोगांवर एकच गोळी टाइप. १८८६ ला व्हिक्टोरिया राणी उद्घाटनाला. औषधांचं माहीत नाही, कॉलेज मात्र गुणकारी निघालं.

आणि आपली माणसं म्हणाल तर डॉ. रखमाबाई! लहानपणी लावलेलं लग्न नाकारल्याचा तो गाजलेला खटला झाल्यावर १८८९ ला त्या लंडनला गेल्या त्या लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये. हे कॉलेज सोफिया जेक्स-ब्लेकने १८७४ ला काढलेलं, कारण पुरुषांची मेडिकल कॉलेजं दारात उभं करत नव्हती. रखमाबाई होत्या तेव्हा एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तिथल्या डीन. १८९४ ला डॉक्टर होऊन परत आल्या आणि पुढे सुरत, राजकोट. ते कॉलेज पुढे रॉयल फ्री हॉस्पिटलच्या कॉलेजात आणि रॉयल फ्री आता युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विरघळलंय.

चिवडा_विथ_चहा

+१ मृगजळ. रखमाबाईंच्या खटल्याबद्दल सगळं वाचलं होतं पण पुढे लंडनला नेमकं कुठे शिकल्या ते आज कळलं.

अवांतर: नवरोजींचं कोणी लिहिणार आहे का? नाहीतर मी टाकते.

चिवडा_विथ_चहा

कोणी लिहीना, टाकतेच. दादाभाई नवरोजी आधी मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक, तिथे त्या जागेवर बसलेला पहिला हिंदी माणूस. मग कामा कंपनीच्या व्यापारासाठी लंडनला गेले आणि १८५६ पासून जवळपास दहा वर्षं युनिव्हर्सिटी कॉलेजात गुजरातीचे प्राध्यापक होते. विचार करा, मुंबई विद्यापीठाचा कायदासुद्धा अजून झाला नव्हता आणि मुंबईचा माणूस लंडनात प्राध्यापक! ऑक्सफर्डला पारशी माणसाला कोणी उभं केलं असतं का त्या वेळी.

ट्यूबमधला_नाना

धर्माची अट नसल्याचा फायदा कोणाकोणाला झाला बघायचं तर जपानी बघा. १८६३ साली चोशू प्रांतातली पाच पोरं जपानातून लपूनछपून बोटीवर चढली, तेव्हा देश सोडून जाणं म्हणजे मुंडकं उडण्याचा गुन्हा. लंडनला पोचली आणि युनिव्हर्सिटी कॉलेजात रसायनशास्त्राचे प्राध्यापक विल्यमसन यांनी त्यांना सांभाळून घेतलं. त्यातला एक इतो हिरोबुमी, पुढे जपानचा पहिला पंतप्रधान. कॉलेजच्या आवारात त्यांच्या आठवणीचा दगड आहे, जपानी टूरिस्ट त्यासमोर कंबरेत वाकून नमस्कार करताना हमखास दिसतात.

जोसेफ लिस्टरपण तिथलाच. घर क्वेकर, ऑक्सफर्ड-केंब्रिजचा प्रश्नच नाही, म्हणून गावर स्ट्रीट. जंतुनाशक शस्त्रक्रिया ज्याने जगाला दिली तो माणूस ३९ कलमांमुळे लंडनला मिळाला असं म्हणायला हरकत नाही.

निळू_फुलेवाला

सगळं बरोबर आहे पण तो कपाटातला म्हातारा कोणी सांगितला नाही अजून??? मी भाच्याबरोबर बघायला गेलो होतो, म्हटलं पुतळा असेल, जवळ जाऊन वाचलं तर आतला सांगाडा खरा आहे.

मोरपीस

@निळू, जेरेमी बेंथम. तत्त्वज्ञ, जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख वगैरे. लोक त्याला कॉलेजचा संस्थापक म्हणतात पण तो तेव्हा ऐंशीच्या घरात होता, काढणारे बाकीचे, त्याच्या विचारांचे. १८३२ ला गेला. मृत्युपत्रात लिहून ठेवलं की माझं प्रेत विद्यार्थ्यांसमोर फाडा आणि मग सांगाडा माझे कपडे घालून खुर्चीत बसवा. तेव्हा प्रेत फाडून घेणं म्हणजे फाशीच्या कैद्याची शिक्षा समजत, मेडिकलवाल्यांना प्रेतं मिळायची नाहीत, चोरून उकरायचे, म्हणून हा माणूस मुद्दाम पुढे झाला. १८५० ला ते कॉलेजकडे आलं. डोकं मात्र सुकवताना पार बिघडलं म्हणून वर मेणाचं बसवलंय आणि खरं डोकं वेगळं कुलपात. कमिटीच्या मीटिंगला त्याला ढकलत आणतात आणि हजर पण मतदान नाही अशी नोंद करतात ही बहुतांशी दंतकथा, पण छान दंतकथा आहे.

निळू_फुलेवाला

आमच्या सोसायटीच्या मीटिंगला असेच चार जण येतात.

गावरान_बॅरिस्टर

एलएसईचं (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स) कोणी काढलं नाही अजून म्हणून लिहितो. आणि हे लिहिल्याशिवाय मराठी धागा पुरा कसा होणार.

हेन्री हचिन्सन म्हणून फेबियन (क्रांती न करता हळूहळू समाजवाद आणू म्हणणारा) वकील होता, त्याने स्वतःला गोळी घालून घेतली आणि मागे वीस हजार पौंड फेबियन कामासाठी ठेवले. सिडनी वेब त्याचा विश्वस्त. बाकीच्यांना वाटलं पैसा प्रचाराला जाईल, निवडणुकीला जाईल. वेबने ऑगस्ट १८९४ ला सरेमधल्या एका शेतघरात नाश्त्याच्या वेळी बायको बिअॅट्रिस, ग्रॅहम वॉलस आणि बर्नार्ड शॉ यांच्यासमोर मांडलं की आपण अर्थशास्त्राची शाळा काढू. १८९५ च्या ऑक्टोबरात जॉन स्ट्रीटवर दोन-चार खोल्यांत चालू. वेब स्वतः दिवसा नोकरी करून संध्याकाळी बर्कबेकला शिकलेला, त्यामुळे संध्याकाळच्या विद्यार्थ्याची त्याला जाण होती. (बर्कबेक म्हणजे १८२३ ला कामगारांसाठी निघालेली मेकॅनिक्स इन्स्टिट्यूट, पहिली सभा एका दारूच्या गुत्त्यात. तो एक वेगळा धागा होईल.)

आता आपलं. १९१२ च्या सुमारास जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा यांनी एलएसईला दरवर्षी चौदाशे पौंड द्यायला घेतले, गरिबीची कारणं आणि उपाय शोधायला. रतन टाटा फाउंडेशन. त्याच समाजशास्त्र खात्यात व्याख्याता म्हणून लागलेला तरुण म्हणजे क्लेमंट अॅटली! म्हणजे मुंबईच्या पैशाने उभ्या राहिलेल्या खात्यात शिकवणारा माणूस १९४७ ला पंतप्रधान होता. इंग्लंडच्या गरिबीवरच्या संशोधनाला पैसा टाटांचा, हे आमच्या पाठ्यपुस्तकात का नाही ते देव जाणे.

आणि बाबासाहेब. १९१६ ला कोलंबियाहून एलएसईला आले, ग्रेज इनमध्येही नाव घातलं. १९१७ ला बडोद्याची शिष्यवृत्ती संपली, परत यावं लागलं, चार वर्षांच्या आत परत येऊन पुरं करायची परवानगी घेऊन. मग सिडनहॅममध्ये प्राध्यापकी, साठवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत, आणि १९२० ला परत लंडन. १९२१ ला एमएस्सी. डीएस्सीचा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर, परीक्षकांना ब्रिटिश धोरणावरची टीका झोंबली, सुधारून परत द्यावा लागला, १९२३ ला पदवी. त्यांचे मार्गदर्शक एडविन कॅनन यांना सगळी मतं पटली नव्हती तरी पुस्तकाला प्रस्तावना त्यांनीच लिहिली, आणि त्यात मतभेद असल्याचं उघड लिहून टाकलं. मला हे फार आवडतं. शिष्याशी सहमत नाही पण पाठीशी उभा आहे.

पेठेतला_परदेशी

किंग हेन्रीज रोडवरच्या १० नंबरच्या घरात बाबासाहेब राहायचे, ते २०१५ ला महाराष्ट्र सरकारने घेतलं. मी गेलो आहे, साधं दगड-विटांचं ओळीतलं घर. तिथून ब्रिटिश म्युझियमची लायब्ररी काही जवळ नाही, नकाशावर बघा. तेवढं अंतर रोज जाऊन तिथे दार बंद होईपर्यंत बसणं म्हणजे काय असेल. मी एक वर्ष लंडनात एमएस्सीला होतो तर हॉस्टेलच्या खाली असलेल्या लायब्ररीत जायचा कंटाळा यायचा.

सोआसबद्दल (स्कूल ऑफ ओरिएंटल अँड आफ्रिकन स्टडीज) दोन ओळी. १९१६ ची सनद, १९१७ ला फिन्सबरी सर्कसला उघडलं, हेतू उघडच साम्राज्याचा, जिथे राज्य करायचं तिथली भाषा यायला पाहिजे. पण तिथे इयन रेसाइड यांनी मराठी आणि गुजराती शिकवली, मराठी कथांची इंग्रजी भाषांतरं केली, महानुभाव साहित्यावर काम केलं. ज्या पंथाच्या पोथ्या आपल्याकडे बरीच शतकं सांकेतिक लिपीत बांधून ठेवलेल्या, त्यांचा अभ्यास ब्लूम्सबरीत बसून चालला होता. साम्राज्य गेलं, महानुभाव राहिले.

खडूस_मास्तर

गोड गोड फार झालं, थोडं कडूही टाकतो. याच युनिव्हर्सिटी कॉलेजात फ्रान्सिस गॉल्टन आणि कार्ल पिअर्सन यांनी युजेनिक्स वाढवलं. म्हणजे माणसांची पैदास सुधारायची, नको त्यांना वाढू द्यायचं नाही, या विचाराला प्रयोगशाळा आणि प्राध्यापकपद. संख्याशास्त्र आज जे आहे त्यातला मोठा भाग त्यांनी उभा केला हे खरं, आणि ते कशासाठी उभं केलं हेही खरं. २०२० ला कॉलेजने त्यांच्या नावाच्या इमारतींची नावं काढली. धर्म विचारत नव्हते, वंश मात्र मोजत होते.

शिळोप्याचा_ओटा

@मास्तर, हे यायलाच पाहिजे होतं, धन्यवाद.

@बॅरिस्टर, अॅटली-टाटा कनेक्शन पहिल्यांदा ऐकलं, भारी.

राजाबाई टॉवरचं मीच टाकतो. मुंबई विद्यापीठाला इमारत बांधायची ठरली तेव्हा आराखडा मागवला लंडनच्या जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटकडून. या गृहस्थाने मुंबई कधी पाहिली नाही, कागद पाठवले. प्रेमचंद रायचंदांनी पैसे दिले, आईचं नाव द्यायला सांगितलं, १८७८ ला टॉवर पुरा. याच स्कॉटने १८६४ ला किंग्ज कॉलेजचं चॅपल नव्याने केलंय. म्हणजे स्ट्रँडवरचं चॅपल आणि ओव्हलसमोरचा टॉवर एकाच माणसाच्या टेबलावरचे.

आणि उलटी गंमत. मुंबईच्या विद्यापीठाने असा दिमाखात टॉवर बांधला, पण ज्याची नक्कल केली त्या लंडनच्या विद्यापीठाला स्वतःची इमारतच कितीतरी वर्षं नव्हती, सॉमरसेट हाऊसमध्ये खोल्या. १८७० ला बर्लिंग्टन गार्डन्सला पहिली स्वतःची मिळाली, तिथेही मुख्य काम परीक्षेचे हॉल आणि ऑफिस. दर्शनी भागावर न्यूटन, मिल्टन, हार्वी आणि आपला कपाटातला बेंथम दगडात बसवलेत. १९०० ला तिथून साउथ केन्सिंग्टनला बिऱ्हाड हललं.

ट्यूबमधला_नाना

आणि मग सेनेट हाऊस, विद्यापीठाची मुख्य इमारत! आर्किटेक्ट चार्ल्स होल्डन, तोच ज्याने लंडन ट्यूबच्या पिकाडिली लाइनची बरीच स्टेशनं केली. जागेला रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा. १९३३ ला पंचम जॉर्जने कोनशिला बसवली, २१० फूट उंच, पांढरा दगड, रात्री बघितलं तर दचकायला होतं. तुमचा राजाबाई २८० फूट आहे ना? म्हणजे उंचीत पोरगं बापाच्या वर. युद्धात तिथे माहिती मंत्रालय होतं, बातम्यांची छाननी वगैरे, ऑर्वेलची बायको तिथल्या सेन्सॉर खात्यात होती आणि त्याने पुढे '१९८४' कादंबरीत जे सत्य मंत्रालय रंगवलं ते या इमारतीवरून असं म्हणतात. आत लायब्ररी मात्र स्वर्ग आहे.

चिवडा_विथ_चहा

मग आता लंडन युनिव्हर्सिटी म्हणजे नक्की काय? मुलीसाठी बघतोय आम्ही, एका साइटवर किंग्ज वेगळं, एका ठिकाणी युनिव्हर्सिटी ऑफ लंडनचा भाग लिहिलंय, डोक्याचं भजं.

पेठेतला_परदेशी

@चिवडा, दोन्ही खरं. युनिव्हर्सिटी ऑफ लंडन म्हणजे आता ढिला संघ. किंग्ज, यूसीएल (म्हणजे आपलं युनिव्हर्सिटी कॉलेज), एलएसई आत आहेत पण २००७-०८ पासून पदवीवर स्वतःचंच नाव छापतात. सोआस, बर्कबेक, क्वीन मेरी, रॉयल हॉलोवे तेही आत. इंपीरियल, जे १९०७ ला साउथ केन्सिंग्टनमधली तीन कॉलेजं एकत्र करून झालं (ती सगळी जमीन १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या नफ्यातून घेतलेली), ते शंभर वर्षं पुरी होताना २००७ ला बाहेर पडलं. उलट सिटी युनिव्हर्सिटी २०१६ ला आत आली, आणि २०२४ ला सेंट जॉर्जेस या मेडिकल कॉलेजशी जोडली गेली.

आणि या सगळ्याच्या बाहेर १९९२ ला पॉलिटेक्निकची विद्यापीठं झाली ती, वेस्टमिन्स्टर, ग्रीनिच वगैरे. त्यांना कमी लेखू नका. वेस्टमिन्स्टर म्हणजे रीजंट स्ट्रीटचं जुनं पॉलिटेक्निक, १८३८ चं, ल्युमिएर बंधूंचा सिनेमा ब्रिटनमध्ये पैसे घेऊन पहिल्यांदा दाखवला तो तिथेच, फेब्रुवारी १८९६. मुंबईत वॉटसन हॉटेलला त्याच वर्षी जुलैत.

मुलीचा विषय कुठला? तो सांगा म्हणजे नीट सांगता येईल, संघाचं नाव बघून काही ठरवू नका, डिपार्टमेंट बघा.

चिवडा_विथ_चहा

अर्बन प्लॅनिंग. बजेटचं मात्र विचारू नका, सोनं बघतोय आम्ही :(

पेठेतला_परदेशी

मग यूसीएलचं बार्टलेट (आर्किटेक्चर-प्लॅनिंगचा विभाग) बघा आधी, आणि एलएसईलाही त्या अंगाचे कोर्स आहेत. स्कॉलरशिपचे फॉर्म अॅडमिशनच्या आधी बंद होतात बऱ्याचदा, ते पहिलं तपासा. बाकी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो, इथे ओटेकाका ओरडतील.

शिळोप्याचा_ओटा

ओरडत नाही, इथेच लिहा, अजून चार जणांना उपयोग होईल. आणि बॅरिस्टर, गुत्त्यातल्या सभेचा तो बर्कबेकचा धागा कधी काढताय?

गावरान_बॅरिस्टर

दिवाळीनंतर. हातात एक केस आहे.